कोरेगावचा स्तंभ: २८,००० चा आकडा आणि २२ नावं

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आधीच येऊन पडलेला असतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो: '५०० महारांनी २८,००० पेशव्यांना हरवलं.' पाठोपाठ दुसऱ्या ग्रुपवरून त्याचं उत्तर येतं: 'असं काही झालंच नाही, ही इंग्रजांची थाप आहे.' मग दोन्हीकडून रील्स, शिव्या आणि ब्लॉक.

आणि इकडे आपल्या तुर्भ्यात ३१ डिसेंबरच्या रात्री वेगळीच गडबड असते. स्टोअरच्या बाजूला गाड्या लागतात, निळे झेंडे बांधले जातात, डबे भरले जातात. सायन-पनवेल हायवे, मग एक्सप्रेसवे, लोणावळा, पुणं, तिथून नगर रोडने वाघोली, लोणीकंद आणि पेरणे फाटा. तिथे भीमा नदीच्या काठी काळ्या दगडाचा एक उंच स्तंभ उभा आहे. दर १ जानेवारीला लाखो लोक त्याच्यासमोर उभे राहतात.

मी कामाने सॉफ्टवेअरवाला. आकडा दिसला की तो कुठून आला, हे बघायची सवय लागलेली असते. म्हणून आज मेसेजमधले आकडे एकेक करून उघडून बघू. त्या दिवशी काय घडलं, स्तंभ कोणी आणि का उभारला, आणि मग तो आपला कसा झाला. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या गोष्टीला २८,००० च्या आकड्याची गरज नाही. त्या दगडावर एक खूप लहान आकडा आहे आणि तो पुरेसा आहे.

त्या रात्री काय चाललं होतं

थोडी पार्श्वभूमी. नोव्हेंबर १८१७. दुसरा बाजीराव पेशवा आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात युद्ध पेटलंय. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली, १७ तारखेला पुणं कंपनीच्या हातात गेलं. बाजीराव पुण्यातून निघाला आणि फौज घेऊन फिरत राहिला, मागे जनरल स्मिथची फौज. डिसेंबरच्या शेवटी बाजीराव फिरून परत पुण्याच्या दिशेने आला. पुण्यात कंपनीचा अधिकारी होता कर्नल बर. त्याच्याकडे माणसं कमी होती. त्याने शिरूरच्या छावणीला निरोप पाठवला की मदत पाठवा.

शिरूरहून निघाला कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन. तारीख ३१ डिसेंबर १८१७, वेळ रात्री साडेआठची. सोबत बाँबे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे साधारण ५०० पायदळ. पूना ऑक्झिलरी हॉर्सचे अडीचशे-तीनशे घोडेस्वार. दोन तोफा आणि त्या चालवणारे मद्रास आर्टिलरीचे २४ युरोपियन गोलंदाज. सगळे मिळून ८३४ माणसं.

इथेच पहिला आकडा सुटला. '५००' हा आकडा खरा आहे, पण तो पायदळाच्या पूर्ण तुकडीचा आहे. त्या तुकडीत महार मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्याबरोबर मराठा, राजपूत, मुसलमान, ज्यू शिपाईही होते. पाचशेच्या पाचशे महार नव्हते.

ही माणसं रात्रभर चालली. शिरूर ते कोरेगाव हे अंतर आज गाडीने तासाभराचं वाटतं. अंगावर बंदूक, दारूगोळा, ओढायला तोफा आणि जानेवारीची थंडी, असं चालून ते सकाळी दहाच्या सुमाराला भीमेजवळ पोचले. समोर बघतात तर नदीपलीकडे पेशव्यांचा सगळा तळ.

२८,००० आणि गावातल्या गल्ल्या

आता दुसरा आकडा. बाजीरावाच्या फौजेचा अंदाज २०,००० घोडदळ आणि ८,००० पायदळ असा दिला जातो. म्हणजे २८,००० हा आकडाही हवेतून आलेला नाही. पण ही तळावरची एकूण फौज. प्रत्यक्ष गावात उतरून लढले ते सुमारे २,००० धरले जातात.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. स्टाँटनने नदी ओलांडायचा विचार सोडून कोरेगाव गावातच ठाण मांडलं. गावाला मातीची तटबंदी, आत घरं, अरुंद बोळ. बोळात २०,००० घोडे काय करणार? घोडदळाने गावाला वेढा घातला, बाहेर पडायची आणि नदीवर पाण्याला जायची वाट बंद केली. आत लढायला आलं ते पायदळ, त्यात अरब आणि गोसावी तुकड्या आघाडीवर. बापू गोखले आणि त्रिंबकजी डेंगळे हे पेशव्यांचे सरदार या बाजूला होते. स्वतः बाजीराव दूरच्या उंचवट्यावरून लढाई बघत होता.

आणि मग दिवसभर घराघरातून, भिंतीआडून, हाताच्या अंतरावर मारामारी. स्टाँटनच्या माणसांना रात्रीपासून झोप नाही, पोटात अन्न नाही आणि नदी डोळ्यांसमोर असून प्यायला पाणी नाही. गोलंदाजांचा अधिकारी लेफ्टनंट चिझम मारला गेला आणि एक तोफ हातातून गेली. लेफ्टनंट पॅटिन्सन हा खूप उंच, धिप्पाड माणूस. तो जखमी होऊन पडला होता. तोफ गेल्याचं कळल्यावर तो उठला, बंदूक उलटी धरून पुढे घुसला आणि त्याच्या मागून शिपाई. तोफ परत मिळाली. पॅटिन्सन नंतर जखमांनी गेला.

ग्रँट डफ या ब्रिटिश इतिहासकाराने ही लढाई तपशिलाने लिहिली आहे. तो सांगतो की काही गोलंदाज तहानेने आणि थकव्याने शरण जायची भाषा करू लागले होते. तेव्हा तोफेजवळ चिझमचं मुंडकं नसलेलं धड सापडलं. स्टाँटनने ते दाखवलं आणि म्हणाला, शरण गेलात तर हेच होणार. त्यानंतर कोणी शरण जायचं नाव काढलं नाही.

अंधार पडल्यावर कुठे थोडं पाणी मिळालं. रात्री नऊच्या सुमाराला गोळीबार थांबला आणि पेशव्यांचं सैन्य गावातून मागे हटलं. जनरल स्मिथ मागून येतोय ही धास्ती त्यांना होतीच. कंपनीच्या ८३४ पैकी २७५ माणसं ठार, जखमी किंवा बेपत्ता. म्हणजे दर तिघांमागे एक. पेशव्यांच्या बाजूची हानी ५०० ते ६०० च्या घरात सांगतात.

मग जिंकलं कोण?

हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास येतो, म्हणून सरळच बोलू.

स्टाँटनला पुण्याला जायचं होतं. तो पुण्याला पोचलाच नाही. २ तारखेला रात्री अंधारात निघून जखमींना घेऊन तो परत शिरूरला गेला. पेशव्यांना ही छोटी तुकडी संपवायची होती. तेही जमलं नाही. बाजीराव दक्षिणेला साताऱ्याच्या दिशेने निघून गेला. म्हणजे मैदानावरचा निकाल म्हणाल तर धड कोणाचाच नाही.

पेशवाईसुद्धा त्या दिवशी संपली नाही. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. ३ जून १८१८ ला बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि वर्षाला ८ लाखांचं पेन्शन घेऊन तो बिठूरला गेला. कोरेगाव ही या मोठ्या युद्धातली एका दिवसाची, एका गावातली चकमक.

कंपनीला मात्र तिचं मोल कळलं होतं. थकलेली, उपाशी, संख्येने कमी असलेली आपली देशी तुकडी मोडली नाही, हे त्यांना जगाला दाखवायचं होतं. त्या बटालियनला ग्रेनेडियर्सचा मान मिळाला. २६ मार्च १८२१ ला स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर इंग्रजी आणि मराठी, दोन्ही भाषांत मजकूर कोरला.

हे लक्षात ठेवा: कंपनीने हा स्तंभ स्वतःच्या कौतुकासाठी बांधला. कोणाच्या मुक्तीसाठी नाही.

दगडावरची २२ नावं

त्याच दगडावर पडलेल्या सैनिकांची नावंही कोरली. एकूण ४९. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. रामनाक, भागनाक, गणनाक, अशी. हा 'नाक' महार पुरुषांच्या नावाला लागायचा. शिवकाळापासून गडांच्या राखणीला असलेल्या महारांच्या नावातही तो दिसतो.

आता १८२१ च्या पुणे भागात हे काय होतं, याचा विचार करा. याच लोकांबद्दल बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात लिहिलंय. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे, चाललेली पावलं पुसली जावीत म्हणून. गळ्यात मडकं अडकवावं लागे, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून.

कोणी म्हणेल, हे शंभर वर्षांनंतरचं लिखाण आहे. ठीक आहे, मग अजून मागे जाऊ. मुक्ता साळवे. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग समाजाची मुलगी, वय चौदाच्या आसपास. तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाई जाऊन चाळीस वर्षंही झाली नव्हती. म्हणजे तिच्या आजूबाजूला ते दिवस स्वतः भोगलेली माणसं होती. ती लिहिते की बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला, तर त्याचं डोकं उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू करत. पुण्यात गुलटेकडीला जाणाऱ्यांनी हे एकदा आठवून बघा.

अशा मुलखात, ज्याच्या पावलाचा ठसाही नको होता, त्याचं नाव दगडात खोदलं गेलं. ते नाव तिथून आजही पुसता येत नाही. २८,००० ला कोणीही आव्हान देईल, वाद घालेल, पुरावे मागेल. या २२ ला आव्हान देता येत नाही. पेरण्याला जायचं आणि वाचायचं.

दार बंद झालं तेव्हा

इथून पुढचा भाग मेसेजमध्ये कधीच नसतो. खरं तर मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कंपनीच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. फौजेने पगार दिला, पेन्शन दिलं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अक्षर दिलं. छावणीत शिपायांच्या मुलांसाठी शाळा असायच्या. गावच्या शाळेत ज्याला ओसरीवरही बसू देत नव्हते, तो छावणीत वाचायला शिकत होता. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवत होते. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत झाला.

आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ब्रिटिशांनी महारांची भरती बंद केली. १८५७ नंतर त्यांच्या डोक्यात 'लढवय्या जाती' नावाचं खूळ शिरलं होतं. त्या यादीत महारांचं नाव नव्हतं. ज्यांची नावं स्वतःच्या स्तंभावर कोरली, त्यांच्याच नातवंडांना सांगितलं की तुम्ही लढवय्ये नाही.

मग लोकांनी काय केलं? अर्ज लिहिले. दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त फौजी. त्यांनी १८९४ च्या सुमाराला भरती पुन्हा सुरू करा म्हणून विनंतीअर्ज तयार केला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे, 'सोमवंशीय मित्र' हे मासिक चालवणारे. त्यांनी १९१० मध्ये थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. मुद्दा साधा होता: आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलंय, आता आम्हाला कशाच्या आधारावर नाही म्हणता?

अशा वेळी कोरेगावचा स्तंभ म्हणजे हातातला कागद होता. स्टॅम्पपेपर म्हणा ना. सरकारनेच कोरलेला, सरकारला नाकारता न येणारा. कांबळ्यांनी त्या स्तंभापाशी सभा भरवल्या. कंपनीने स्वतःच्या कौतुकासाठी उभारलेला दगड आपल्या लोकांनी हक्काचा पुरावा म्हणून वापरला. माझ्या मते तो दगड खऱ्या अर्थाने आपला झाला तो तेव्हा.

अर्ज लगेच फळले नाहीत. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार ही पलटण उभी केली. युद्ध संपलं, गरज संपली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली.

१ जानेवारी १९२७

मग १ जानेवारी १९२७. लढाईला १०९ वर्षं झाली होती. बाबासाहेब त्या दिवशी स्तंभापाशी आले. आज आपण जी तारीख पाळतो ती परंपरा इथून धरली जाते.

या तारखेच्या पुढचं पान उलटा. अडीच महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला महाडचं चवदार तळं. कोरेगावला आठवण होती की आपली माणसं लढलेली आहेत. महाडला प्रत्यक्ष लढाई होती, ओंजळभर पाण्यासाठी. म्हणून मी दोन तारखा एकत्र वाचतो. आठवण पुढच्या कामासाठी काढली तर तिचा उपयोग. नाहीतर ती वर्षातून एक दिवस डीजे लावण्यापुरती उरते.

१९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. स्वातंत्र्य मिळेपर्यंत तिच्या चिन्हावर हाच कोरेगावचा स्तंभ होता. अर्ज करणारे दोघेही तोवर गेले होते की होते, याने फरक पडत नाही. दार उघडलं होतं.

'इंग्रजांचा विजय कशाला साजरा करता?'

हा प्रश्न ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विचारला जातो. चिडू नका, उत्तर द्या.

पहिली गोष्ट, दोन्ही बाजूंची यादी बघा. कंपनीकडे महार, मराठा, राजपूत, मुसलमान. पेशव्यांकडे अरब, गोसावी, मराठा. इकडे देश आणि तिकडे परदेशी, अशी सरळ रेघ त्या काळात ओढताच येत नाही. दोन्हीकडचे शिपाई पगारावर लढत होते.

दुसरी गोष्ट, एक तारीख. ३१ डिसेंबर १८०२. त्या दिवशी वसईचा तह झाला. होळकरांनी पुण्यातून हुसकावल्यावर गादी परत मिळावी म्हणून बाजीरावाने स्वतः कंपनीची फौज आपल्या राज्यात ठेवून घ्यायचं कबूल केलं. स्टाँटनची तुकडी शिरूरहून निघाली ती बरोबर १५ वर्षांनी, त्याच तारखेला. इंग्रजांना दार कोणी उघडलं, हा प्रश्न रामनाक-गणनाकला विचारायचा नाही.

तिसरी गोष्ट, पेरण्याला जाणारी बाई स्टाँटनसाठी जात नाही. त्याचं नाव बऱ्याच जणांना माहीतही नसतं. ती जाते त्या २२ नावांसाठी आणि १९२७ साठी.

२०१८ मध्ये लढाईला २०० वर्षं झाली तेव्हा १ जानेवारीला तिथे हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी चेंबूर-गोवंडीला हार्बर लाइन अडली आणि ३ तारखेला महाराष्ट्र बंद झाला, हे आपल्याकडच्या सगळ्यांना आठवत असेल. त्यावर चौकशी आयोग नेमला गेला, खटले झाले. तो स्वतंत्र विषय आहे, दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही. एवढंच सांगतो की तेव्हापासून ही आठवण जपायची तर तपशील चोख असणं जास्त गरजेचं झालंय. समोरचा माणूस तुमच्या मेसेजमधला एक चुकीचा आकडा पकडतो आणि त्या एका आकड्यावरून सगळी गोष्ट खोटी ठरवतो. त्याच्या हातात तो आकडा आपण का द्यायचा?

या वर्षी मेसेज पाठवायचाच असेल तर

हा पाठवा, हवा तर कॉपी करून घ्या:

'१ जानेवारी १८१८. कोरेगाव भीमा. कंपनीची ८३४ माणसांची तुकडी पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेसमोर दिवसभर अन्नपाण्यावाचून टिकून राहिली. स्तंभावरच्या ४९ नावांपैकी २२ नावं महार सैनिकांची. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे आले आणि मार्चमध्ये चवदार तळ्यावर गेले.'

यातला एकही शब्द कोणाला खोडता येणार नाही.

आणि जे जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडं कामाचं. स्तंभ नदीच्या अलीकडे, पेरण्याच्या हद्दीत आहे. कोरेगाव भीमा गाव पूल ओलांडून पलीकडे. त्या दिवशी नगर रोडची वाहतूक वळवलेली असते, गाड्या लांबच्या पार्किंगला लावाव्या लागतात आणि तिथून पीएमपीएमएलच्या बस सोडतात. म्हातारी माणसं, लहान मुलं सोबत असतील तर पाणी जवळ ठेवा. जमलं तर गर्दीचा दिवस सोडून एखाद्या साध्या रविवारीही जाऊन या. तेव्हा दगडाजवळ निवांत उभं राहता येतं, नावं एकेक करून वाचता येतात. सोबतच्या पोरांना मोठ्याने वाचायला लावा.

एपिसोड आवडला तर ज्या ग्रुपवर तो २८,००० चा मेसेज आला होता, तिथेच टाका. प्रश्न असतील तर खाली लिहा, पुढच्या वेळी घेऊ.

जय भीम.